डावी पट्टी

"सर, एक सुई कमी आहे."

सिस्टर असं म्हणाली आणि ऑपरेशन थिएटरमधल्या चारही माणसांनी माना वर केल्या. पाचवं माणूस टेबलावर भूल घेऊन पडलं होतं, त्यामुळे त्याला कळायचा प्रश्न नव्हता. गेली अठ्ठावीस वर्षं ही बाई ट्रेसमोर उभी राहून सुया, चिमटे, गॉझचे तुकडे मोजत आली होती आणि तिच्या मोजणीत कधी एकाचाही फरक पडला नव्हता. घरी तिचं दूध उतू जायचं, किल्ल्या हरवायच्या, गॅस बंद केला की नाही हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत जायची. पण थिएटरमध्ये ती "बरोबर" म्हणाली की विषय संपला.

"परत मोजा," सर म्हणाले.

"दोनदा मोजल्या, सर. सात घेतल्या होत्या. सहाच भरतायत."

"पायाखाली बघा."

मावशी लगेच चुंबक लावलेली काठी घेऊन टेबलाखाली वाकल्या. काठी फरशीवरून खरखरत फिरू लागली. भूलवाले डॉक्टर घड्याळाकडे बघून पुटपुटले, "आता हे आणखी एक."

सुई पायाखाली नव्हती. ती सिस्टरच्या डाव्या मनगटाखाली, ट्रेवरच्या हिरव्या कापडाच्या घडीत होती. अर्ध्या मिनिटापूर्वी तिनेच ती तिथे सरकवली होती. आता तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की गाऊनवरून कुणाला दिसेल अशी तिला धास्ती वाटत होती. खोटं बोलायची सवय नसली की एवढ्याशा खोट्याचाही घाम फुटतो.

टेबलावरची मुलगी बत्तीस वर्षांची होती. हे काही मुलगी म्हणायचं वय नव्हे, पण सिस्टरला आता चाळिशीच्या आतली सगळीच माणसं मुलं वाटत. ही चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी सलाईन लावायला सिस्टर गेली, तेव्हा घाबरलेली माणसं बोलतात तशी ती बोलत सुटली होती.

"दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर फ्रेम बसवते मी, सिस्टर. नुसतं नाक बघून सांगेन कुठली बसेल ते. आणि माझ्या नाकावर एक धड राहत नाही. मधे हे वशिंड!"

"वडिलांचं का?"

"वडिलांचं. आई म्हणते, त्यांची तेवढी एकच गोष्ट घरात उरलीय, तीही टाक तासून."

सिस्टरला हसू आलं. मग मुलीने आवाज खाली आणला.

"एक विचारू? आमच्या दुकानातल्या एकीने नाकाचं करून घेतलं होतं, दुसरीकडे. पहिले चार-पाच महिने काय दिसत होतं म्हणून सांगू! मग सूज उतरत गेली आणि मधेच दोन्ही बाजूंनी बसलं. कुणी चिमटीत धरल्यासारखं. वर हाडाची कड दिसते. श्वाससुद्धा धड घेता येत नाही तिला. आता फोटो काढायचा म्हटलं की ती आत निघून जाते. माझं तसं नाही ना होणार?"

"आमचे सर आतून पट्ट्या घालतात," सिस्टर म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं बघतेय मी. आमच्याकडचं नाक बसलेलं अजून बघितलं नाही. तू निर्धास्त झोप."

हे वाक्य तिने आजवर हजार वेळा म्हटलं असेल. आज ते म्हणताना मात्र तिने सलाईनच्या नळीकडे बघितलं होतं, मुलीकडे नाही.

पट्ट्यांचं प्रकरण असं असतं. नाकाच्या दांडीवरचा उंचवटा तासून काढला की नाकाचं छप्परच उघडं पडतं. बाजूच्या दोन्ही भिंती ज्याच्या आधाराने ताठ उभ्या असतात, तो आधार जातो. त्या दिवशी कुणाला काही दिसत नाही, सूज सगळं झाकून ठेवते. सूज उतरली की भिंती हळूहळू आत पडतात आणि चेहऱ्याच्या मधोमध कायमचा खळगा होतो. तो होऊ नये म्हणून नाकाच्या मधल्या पडद्यातून कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, काडीएवढ्या दोन पट्ट्या कापायच्या. कापताना लोभ करायचा नाही. पडद्याची वरची आणि पुढची बोटभर रुंद कड राखायचीच, नाहीतर सगळी दांडीच खाली बसते. मग एक पट्टी पडद्याच्या उजव्या अंगाला आणि एक डाव्या अंगाला ठेवायची आणि एकाच टाक्यात पाच थर ओवायचे. भिंत, पट्टी, पडदा, पट्टी, भिंत. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांकडून सर हे पाढ्यासारखं म्हणवून घेत. सिस्टरला ते कुणी म्हणायला लावलं नव्हतं, पण झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

आज तो टाका पडताना तिने चारच थर मोजले होते.

डावी पट्टी सरांनी चिमट्याने धरली होती. सुई आत शिरताना चिमटा किंचित सैल पडला, पट्टी खालच्या पोकळीत घसरली आणि सुई नुसतीच पलीकडे निघाली. सरांनी गाठ मारली. मग त्वचा वर ओढून, ग्लोव्ह ओला करून, कपाळापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं. हे बोट म्हणजे सरांची ख्याती. एक्सरेत न दिसणारी खोच त्या बोटाला लागायची, असं बाहेरगावचे सर्जनही बोलत.

"छान बसलं," सर म्हणाले. "त्वचा बंद करू. मोजणी?"

त्या क्षणी सिस्टरने समोर बघितलं होतं. समोर मॅडम उभ्या होत्या, सरांच्या हाताखालच्या सर्जन. चांगल्या दहा वर्षं काम केलेल्या. त्यांनी त्वचा वर धरायचा हूक इतका घट्ट धरला होता, की त्यांनीही ते पाहिलं हे सिस्टरला लगेच कळलं. पण मॅडम बोलल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका टाक्याला त्यांनी "सर, जरा खाली आलाय का?" एवढंच विचारलं होतं. "माझ्या टेबलावर दोन सर्जन नसतात," असं म्हणून सरांनी त्यांना पंधरा दिवस थिएटरबाहेर ठेवलं. तेव्हापासून मॅडमच्या तोंडाला कुलूप होतं.

आणि सिस्टरच्या तोंडाला? तिचं कुलूप त्याहून जुनं होतं. सात महिन्यांपूर्वी स्टरलायझरमधून नुकतीच काढलेली स्टीलची वाटी सरांनी बोलता बोलता उचलली होती. मावशी ओरडल्या, "अहो सर, गरम आहे!" सर वाटीकडे बघत राहिले, आणि मग उशिरा, आठवल्यासारखं, "हाय हाय" म्हणाले. बाकीचे हसले. सिस्टरला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिने न सांगता सांभाळून घ्यायला सुरुवात केली. ग्लोव्ह अर्ध्या नंबराने लहान दिले, म्हणजे बोटांना जरा घट्ट बसतील. गुळगुळीत चिमटे मागे सारले, दातेरी पुढे ठेवले. दोरा नेहमीपेक्षा लांब ओवला. घरी नवऱ्याजवळ एकदा बोललीही होती. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? तू चिमटे दे आणि घरी ये." तिला ते तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

आज मात्र चष्म्याच्या दुकानातली ती मुलगी समोर होती आणि सर त्वचा बंद करणार होते. सरळ बोलायची छाती होईना. म्हणून तिने सरांनीच केलेला नियम वापरला. मोजणी जुळत नसेल तर त्वचा बंद करायची नाही. त्वचा परत वर उचलायची, आत बघायचं. तरीही नाही मिळाली तर एक्सरे.

"उघडतोय," सर म्हणाले. आवाजात चीड होती. "मावशी, एक्सरेवाल्याला बोलवा. मशीन घेऊन ये म्हणावं."

मावशी काठी ठेवून बाहेर धावल्या. मशीन यायला दहा मिनिटं लागत. एक्सरेत सुई नाकात दिसणार नव्हती, सर त्वचा बंद करून मोकळे होणार होते, आणि पट्टी तिथेच खाली पडून राहणार होती. दहा मिनिटांत सरांना ती दिसायला हवी होती. त्यांची त्यांना दिसली असती तर किती बरं झालं असतं!

सरांनी त्वचा वर उचलली. दिवा खाली ओढला. सक्शनची नळी फिरली, जमलेलं रक्त गेलं. सर वाकून बघत होते. उजवीकडे बघितलं, शेंड्याखाली बघितलं, डाव्या भिंतीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बोट रिकाम्या जागेवरून सरळ पुढे गेलं.

"इथे सुईबिई काही नाही."

"डाव्या बाजूला, सर," सिस्टर म्हणाली. "जरा खाली. पट्टीच्या तिथे."

"पट्टीच्या तिथे कशी जाईल सुई? पट्टी बसलीय ना!"

"तरी बघा ना, सर. एकदा."

सरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे होते. मग त्यांनी बारीक सळई घेतली आणि डाव्या भिंतीच्या आत घातली. ती अडायला हवी होती तिथे अडली नाही. सरांनी ती बाहेर काढली, पुन्हा घातली. भूलवाल्या डॉक्टरांचं मशीन टिक टिक करत होतं.

"मॅडम," सर म्हणाले, "पट्टी कुठे आहे?"

"खाली घसरलीय, सर."

"केव्हा?"

"टाक्याच्या वेळी."

"तुम्ही पाहिलंत?"

"हो."

सरांनी टाका कापला, पट्टी वर काढली आणि पुन्हा जागेवर धरली. सिस्टरने नवी सुई ओवून दिली. सुई टेकली आणि पट्टी कलंडली. सरांनी परत धरली. या वेळी त्यांनी इतकी घट्ट धरली, की ग्लोव्हच्या आत बोटांची टोकं पांढरी पडलेली सिस्टरला दिसली. आपण किती दाबतोय हे ज्या माणसाला कळत नाही, तो असाच दाबतो. कट् असा बारीक आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे झाले.

भूलवाले डॉक्टर उठून उभे राहिले. "काय झालं?"

पडद्यातून आणखी कूर्चा घेता येणार नव्हती. जी कड उरली होती ती राखायचीच होती. सर त्या दोन तुकड्यांकडे बघत होते आणि सिस्टरला त्यांची इतकी दया आली, की आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं असं एक क्षणभर तिला वाटलं. मग तिला त्या विचाराचीच लाज वाटली.

"सर, शिल्लक आहे," ती म्हणाली. ड्रेसिंग होईपर्यंत टेबलावरचं काही टाकायचं नाही, ही तिची जुनी खोड. नव्या सिस्टर त्यावरून तिची टिंगल करत. तिने सलाईनची वाटी पुढे केली. तळाशी कूर्चेचा उरलेला तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. "एक पट्टी निघेल. एकच."

सरांनी तुकडा लाकडी फळीवर ठेवला. सिस्टरने त्यांच्या हातात ब्लेड दिलं. ब्लेड तुकड्यावर टेकलं आणि तिथेच थांबलं. सिस्टरच्या मनात आलं, आता कापू नका, सर, पाया पडते, कापू नका.

सरांनी ब्लेड तिच्या ट्रेमध्ये परत ठेवलं.

"मॅडम, इकडे या."

"सर?"

"इकडे या म्हणतोय. या बाजूने उजेड बरा पडतो."

दोन्ही बाजूंनी उजेड सारखाच पडत होता. सर टेबलाच्या पायथ्याकडून वळसा घालून पलीकडे गेले, मॅडम अलीकडे आल्या. सरांनी हूक हातात घेतला आणि तो धरून उभे राहिले, शिकाऊ डॉक्टर राहतो तसे. हूक धरायला बोटांच्या टोकांची गरज नसते, मनगट पुरतं.

मॅडमनी पट्टी कापली, कडा घासल्या, जागेवर उभी केली. सिस्टरने सुई दिली.

"घाई नको," सर हळूच म्हणाले. "भिंत."

सुई भिंतीतून गेली.

"पट्टी. दिसली? हं. पडदा. पट्टी."

सिस्टर ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"भिंत," मॅडम म्हणाल्या आणि सुई बाहेर आली. गाठ बसली. मॅडमनी ग्लोव्ह ओला केला, सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मॅडमनी बोट फिरवलं, दोनदा.

"सरळ आहे, सर. दोन्हीकडे सारखी."

तेवढ्यात दार ढकलून मावशी आल्या, मागून एक्सरेवाला मशीन लोटत आला.

"नको आता," सिस्टर म्हणाली. "सुई मिळाली. मोजणी बरोबर."

"अगंबाई! कुठे होती?"

"कापडात होती."

एक्सरेवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत मशीन वळवू लागला. सरांनी सिस्टरकडे बघितलं नाही. मुलीच्या नाकावर बाहेरून प्लास्टरचा पट्टा लागेपर्यंत ते हूक धरूनच उभे होते.

नंतर ते बेसिनपाशी भेटले. सरांचे हात कधीच धुऊन झाले असावेत, तरी ते धूत होते.

"कापडात आपोआप गेली?"

"नाही, सर. मी ठेवली."

"सरळ सांगता आलं नसतं?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

तिच्या तोंडून ते निघून गेलं. अठ्ठावीस वर्षांत तिने सरांना असं उलट उत्तर दिलं नव्हतं. सरांनी नळ बंद केला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. बोटांकडे बघत होते. "मला वाटायचं, मानेच्या दुखण्याने बोटं बधिर होतायत, जाईल. केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही गरम वाटी उचललीत त्या दिवसापासून."

"म्हणजे सात महिने."

"हो."

"सात महिने तुमची सुई कधी हरवली नाही."

तो टोमणा नव्हता, नुसती विचारपूस असावी तशा सुरात ते बोलले, म्हणून तिला जास्त लागलं. ग्लोव्ह, चिमटे, लांब दोरे, सगळी तिची हुशारी तिला आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण सरांना सांभाळतोय असं तिला वाटत होतं. पेशंटला कोण सांभाळत होतं?

"या सात महिन्यांत नाकं किती झाली?"

"अकरा," ती लगेच म्हणाली. हिशेब तिने केव्हाच करून ठेवला होता.

"अकराही जणांना बोलवा. एकेक करून. मॅडम तपासतील, मी समोर बसेन. कुणाचं बसायला लागलं असेल तर त्यांना मी सांगेन, दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. आणि हिलाही सांगायचंय, शुद्धीवर आली की."

"हिचं तर नीट झालंय, सर."

"नीट झालंय. ते कुणी केलं हे तिला कळायला नको?"

सिस्टरचे डोळे भरून आले. मास्क अजून गळ्यात होता, त्यानेच तिने ते पुसले. "मी तिला निर्धास्त झोप म्हटलं होतं, सर. आज मला तसं म्हणायला नको होतं."

"मीही म्हटलं होतं," सर म्हणाले आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेले.

सिस्टर सहीचे कागद घेऊन पाच मिनिटांनी तिथे गेली. दार अर्धवट उघडं होतं. सर पाठमोरे उभे होते, शर्ट घातलेला. डाव्या बाहीचं बटण लावत होते. बटण काजापर्यंत जात होतं आणि बोटांतून निसटत होतं. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, बटण नखाने ढकललं. ते पुन्हा निसटलं. मग हात खाली सोडून त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

सिस्टरने पाऊल उचललं होतं. नवऱ्याचा हात मोडला होता तेव्हा दीड महिना तिने त्याची बटणं लावली होती. एका क्षणाचं काम होतं. पण ती आत गेली नाही. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं आणि दाराला पाठ करून उभी राहिली.

मावशी चहा घेऊन आल्या. "सर आत आहेत ना? मॅडम विचारतायत, पेशंट हलवायचा का म्हणून."

"हलवा म्हणावं. सर फोनवर आहेत."

"चहा निवेल की!"

"निवू दे. द्या माझ्याकडे."

मावशींनी कप तिच्या हातात दिला आणि त्या गेल्या. आत फोनचा आवाज नव्हता, कसलाच आवाज नव्हता. कॉरिडॉरमधून दोन माणसं बोलत गेली, स्ट्रेचरची चाकं गेली, चहावर साय धरली. सिस्टर जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने आत कपाटाचं दार लागलं. ती बाजूला झाली.

सर बाहेर आले. त्यांनी तिच्याकडून कागद घेतले, चहाचा कप घेतला, गार झालेला चहा उभ्याउभ्या संपवला.

"चला," ते म्हणाले, "ती जागी झाली असेल."

दोन्ही बाह्यांची बटणं लागलेली होती.